दाणा नेमका कुठे फुटला

साकीनाक्याला माझा गाळा होता तेव्हा आमच्या गल्लीत फोन एकच, समोरच्या वजनकाटेवाल्याकडे. कुणाचा फोन आला की तो दारातूनच हाळी द्यायचा आणि ज्याचा त्याने धावत जायचं. त्या दिवशी तो हाळी न देता रस्ता ओलांडून आत आला आणि लेथचा आवाज थांबेपर्यंत उभा राहिला.

"मुलुंडचा शेठ आहे. जरा सांभाळून बोल," तो म्हणाला.

शेठने मला बोलूच दिलं नाही. "मिस्त्री, तू आत्ता ये. तुझ्या मशीनने माझ्याकडे काय करून ठेवलंय ते डोळ्यांनी बघ." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी मिस्त्री नव्हतो. कोकणातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गाळ्यात लादी पुसली, मग लेथ शिकलो, मग कर्ज काढून स्वतःचा गाळा घेतला आणि स्वतःच्या डोक्याने मशिनं बनवायला लागलो. दारावर पाटी होती, कॅटलॉग छापलेला होता. शेठला हे सगळं माहीत होतं. तरी आठ-दहा वर्षांच्या ओळखीत त्याने मला मिस्त्री आणि तू सोडून दुसरं काही म्हटलं नाही, आणि मी त्याला शेठ आणि तुम्ही सोडून.

शेठचा कारखाना कापडाचा रंग बनवायचा. रंगाची भुकटी उडते, कामगाराच्या नाकातोंडात जाते, म्हणून परदेशी गिऱ्हाइकांनी त्याला सांगितलं होतं की आम्हाला भुकटी नको, दाणेदार माल दे. मग शेठने भुकटीत चिकट पाणी घालून तिचे गोळे करून वाळवायला सुरुवात केली. वाळलेले गोळे लहानमोठे निघतात, ते सारखे करायला माझं मशीन. एका लोखंडी भांड्यात बोथट हातोड्यांचा रोटर फिरतो, खाली जाळी असते. मोठा गोळा फोडायचा आणि ज्वारीएवढा झाला की सोडून द्यायचा, एवढंच काम. पण ते कठीण आहे, कारण जो हातोडा मोठ्याला फोडतो तोच लहानालाही लागतो. ते मला साधलं होतं. ट्रायल माझ्या गाळ्यात शेठच्या समोर झाली होती. त्याने मूठभर दाणे घेतले, चाळले, बोटांत दाबून बघितले आणि म्हणाला, "चालेल." शेठच्या तोंडून "चालेल" म्हणजे दुसऱ्याच्या हातून फुलांचा हार.

त्या दिवशी मुलुंडला पोचलो तर त्याने मला ऑफिसात बसवलं नाही, थेट पॅकिंगच्या खोलीत नेलं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. महिन्यापूर्वी मी ती खोली पांढरी बघितली होती. आता भिंती राणी रंगाच्या, पंख्याची पाती राणी, पिण्याच्या माठावरचं फडकं राणी. पॅकिंगवाल्या बायकांनी तोंडाला कापड बांधलं होतं, पण पापण्या आणि कानाच्या पाळ्या उघड्या होत्या, त्या तशाच. एकीने कापड खाली करून माझ्याकडे बघितलं. "हेच काय मशीनवाले? या, या. आमची हळद लागून राहिलीय रोज." बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. रंगाचे दाणे ओतायच्या तोंडातून धूर यावा तशी भुकटी येत होती. दाण्याचा पत्ता नव्हता.

"हे तुझे दाणे," शेठ म्हणाला.

मी मशीनपाशी पळालो. मशीन अंगणाच्या पलीकडच्या शेडमध्ये होतं. खाली हात धरला. हातात दाणे पडले, अख्खे, गोल, स्वच्छ. इकडे दाणे, तिकडे भुकटी, आणि मध्ये शेठचा पाईप. ब्लोअरच्या हवेने माल अंगणावरून पलीकडे न्यायचा पाईप, काटकोनात वळणारा, त्याच्याच प्लंबरने जोडलेला.

"शेठ, तुमच्या पाईपात फुटतोय माल. बेंड बघा तुमचे. दाणा भिंतीवर आपटतो तिथे."

"पाईप पाच वर्षं तोच आहे. हवा तीच आहे. नवीन काय आलं? तुझं मशीन."

"तेव्हा तुम्ही भुकटी पाठवत होता. भुकटीला काय फुटायचंय?"

"ते मला शिकवू नको. नीट कर, नाहीतर मशीन टेम्पोत घालून परत पाठवतो."

मशीन परत येणं म्हणजे काय, हे साकीनाक्याच्या माणसालाच कळेल. गल्लीत टेम्पो शिरतो, सगळे गाळे बाहेर येतात, मशीन उतरतं आणि मावत नाही म्हणून दाराशीच उभं राहतं. त्यानंतर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतं आणि मग तुमच्याकडे. मी असे दोन गाळे बंद झालेले बघितले होते. त्यामुळे त्या दिवशी शेठशी मी जितका भांडलो तितका आतून घाबरलो होतो.

तोडगा मीच काढला. एका औषधाच्या कारखान्यात ऐकलं होतं की अंधेरीला एका कॉलेजात एक बाई आहेत, त्या दाणा कसा फुटतो ते कॉम्प्युटरवर काढून दाखवतात. मी शेठला म्हटलं, त्यांना विचारू, त्या सांगतील ते दोघांनी मानायचं. त्या काळात कॉम्प्युटरने छापलेल्या कागदाशी कुणी वाद घालत नसे. मला वाटलं, एकदा तसा कागद आला की शेठचं तोंड बंद. शेठ लगेच हो म्हणाला. त्यालाही तेच वाटत असणार.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागल्या. देवळात काढतात तशा. आत एसीची थंडी होती आणि बाई सुती साडीवर स्वेटर घालून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. आमचं भांडण त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि एका कोऱ्या कागदावर लहान लहान वर्तुळं काढली, एकमेकांना चिकटलेली, मिळून एक मोठा गोळा होईल अशी.

"हा तुमचा दाणा. प्रत्येक वर्तुळ म्हणजे भुकटीचा एक कण." मग त्यांनी शेजारशेजारच्या वर्तुळांमध्ये रेघा मारल्या. "ही रेघ म्हणजे चिकटलेली जागा. रेघेला किती ताण सोसतो ते मी कॉम्प्युटरला सांगते. मग हा दाणा भिंतीवर फेकायचा. कॉम्प्युटर प्रत्येक कणाचा धक्का मोजतो, तो कण पुढच्याला किती ढकलतो ते मोजतो, मग पुढच्या क्षणाला पुन्हा सगळं. ज्या रेघेला ताण सोसला नाही ती पुसून टाकतो."

"असे किती क्षण मोजायचे?" शेठने विचारलं.

"हजारो. तुमचा दाणा डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटतो. कॉम्प्युटरला त्याला अख्खी रात्र लागते."

दाणे किती घट्ट आहेत ते त्या स्वतः दाबून बघणार होत्या, त्यासाठी आम्ही नेलेल्या पिशव्या ठेवून घेतल्या, एक वाळलेल्या गोळ्यांची, एक मशीनखालच्या दाण्यांची. आम्हाला त्यांनी फक्त वेग विचारले. मला म्हणाल्या, "तुमच्या रोटरचे फेरे किती, मिनिटाला?"

"अठ्ठावीसशे," मी म्हणालो.

कॅटलॉगमध्ये तेच छापलं होतं. मशीन फिरायचं बावीसशेने. यात लबाडी नव्हती. आमच्या लाईनीत प्रत्येक जण असाच लिहितो, कारण प्रत्येक गिऱ्हाईक लिहिलेल्यातून चौथाई मनातल्या मनात कापतं. जो खरा आकडा लिहील त्याचा खरा आकडाही कापला जाणार. भाजीवाली दहा सांगते आणि आपण सातने मागतो, तिला आपण खोटारडी म्हणतो का? शेठने मशीन घेतलं तेव्हा अठ्ठावीसशे वाचून म्हणाला होता, "म्हणजे एकवीस-बावीस." मी हसलो होतो. सौदा तसाच होतो.

मग बाईंनी शेठला पाईपातल्या हवेचा वेग विचारला. शेठने जो आकडा सांगितला तो ऐकून मला हसू दाबावं लागलं. त्याचा ब्लोअर बाहेर रस्त्यावर ऐकू यायचा, आणि हा सांगत होता की हवा झुळुकीसारखी जाते. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनी एकमेकांचा आकडा ओळखला होता. बाईंनी दोन्ही तसेच लिहून घेतले.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की," आम्ही दोघांनी सांगितलं.

पुढल्या आठवड्यात पुन्हा चपला काढून आत गेलो. टेबलावर कडेला भोकं असलेल्या लांब कागदाची घडी होती. बाईंनी ती उलगडली. पहिल्या चित्रात दाणा आणि शेजारी एक उभी रेघ, म्हणजे माझ्या भांड्याची भिंत. दुसऱ्यात दाणा भिंतीला टेकलेला. तिसऱ्यापासून मी टेबलावर वाकलो.

माझी आयुष्यभराची समजूत अशी की दाणा जिथे आपटतो तिथे चुरा होतो आणि बाकीचा राहतो. कागदावर उलटंच होतं. आपटलेल्या जागेचे कण फुटून बाजूला गेलेच नव्हते. ते एकमेकांत घट्ट दाबले जाऊन त्यांची पाचर झाली होती, आणि ती पाचर मागून येणाऱ्या बाकीच्या दाण्यात शिरत होती, लाकडाच्या ओंडक्यात घुसावी तशी. पाचरीच्या टोकापासून भेगा पलीकडच्या बाजूला धावत होत्या. पाचव्या चित्रात दाण्याच्या तीन फोडी झाल्या होत्या. नवव्यात फोडी नव्हत्या, सुटी वर्तुळं होती, कागदभर. वीस वर्षं मी हातोड्याने वस्तू फोडत आलो होतो आणि वस्तू कशी फुटते ते मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे याच्या मशीनमध्येच वाट लागते," शेठ म्हणाला. आवाजात आनंद लपत नव्हता. "मी काय सांगत होतो, मॅडम?"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "अठ्ठावीसशेने दाणा तुमच्या भांड्यातच भुकटी व्हायला हवा. पण तुम्ही दोघंही सांगता की मशीनखाली दाणा अख्खा पडतो. मी स्वतः पिशवीत बघितले, अख्खे आहेत. मग एक तर माझा प्रोग्राम चुकला, नाहीतर तुमचा आकडा. प्रोग्राम मी तीन प्रकारे तपासला."

मी कागदाच्या कडेची भोकं बघत राहिलो.

मग त्या शेठकडे वळल्या. "तुम्ही सांगितलेल्या हवेने तर दाणा पाईपात उचललाच जाणार नाही. तळाशी बसून राहील. तो पलीकडे पोचतो कसा?"

शेठच्या चेहऱ्यावरचा आनंद पुसला गेला. मी इतक्या वर्षांत त्याला असा कधी बघितला नव्हता. माझीही तीच अवस्था असणार. भर बाजारात दोन माणसांचे सदरे एकदम उतरवावेत तसं त्या बाईने केलं होतं, आणि तेही आवाज न चढवता.

माझं डोकं फिरलं. "मॅडम, आमच्या धंद्यात आकडा असाच सांगतात. समोरच्याने कापून घ्यायचा असतो. तुम्ही कापला का नाही?"

"मी कशाला कापू?" त्या म्हणाल्या. "मला कुठे मशीन विकत घ्यायचंय?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"दोघांनी खरे आकडे द्या," त्या म्हणाल्या. "मग दाणा कुठे फुटतो ते सांगते."

आम्ही दोघं गप्प बसलो. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मला लेथच्या आधी शिकायला मिळालं होतं. शेठलाही. एसी घुरघुरत होता. बाई पेन घेऊन थांबल्या होत्या. मी हिशेब केला. अठ्ठावीसशेवर ठाम राहिलो तर कॉम्प्युटरच्या कागदावर माझं मशीन दोषी, ते परत येणार. बावीसशे बोललो तर निदान शेठलाही त्याचा आकडा बोलावा लागेल, आणि त्याच्या हवेच्या वेगाने बेंडमध्ये दाण्याचं काय होतं ते कागदावर येईल. मला खात्री होती की ते चित्र माझ्या चित्रापेक्षा वाईट निघणार.

"बावीसशे," मी म्हणालो.

बाईंनी लिहिलं आणि शेठकडे बघितलं.

शेठने माझ्याकडे बघितलं. "बावीसशे? म्हणजे अठ्ठावीसशे लिहून तू मला बावीसशेचं मशीन विकलंस?"

मला वाटलं तो गंमत करतोय. "शेठ, तुम्हीच म्हणाला होता, एकवीस-बावीस. माझ्या गाळ्यात बसून, चहा पीत."

"मी काय म्हणालो ते सोड. कॅटलॉगवर काय छापलंय?"

"आणि तुमची हवा? ती सांगा की आता. मॅडम थांबल्यात."

"हवेचा प्रश्नच कुठे आला? माल लिहिल्याप्रमाणे नाही, तर परत." तो उठला. बाईंना नमस्कार केला. "मॅडम, फार मदत झाली तुमची. थँक यू." आणि बाहेर जाऊन शांतपणे चपला घातल्या.

मी त्याच्यामागे धावलो नाही. धावता आलं नाही. आकड्यांच्या ज्या कापाकापीवर आम्ही दोघांनी आयुष्य काढलं, तिचाच त्याने पुरावा केला होता. चोराने चोराला पकडून दिलं तर राग येतो. हे त्याहून वेगळं होतं. पत्ते खेळताना समोरच्याने अचानक पोलिसाची टोपी घालावी, असं काहीतरी.

चार दिवसांनी टेम्पो आला. मशीन अजून राणी रंगाचं होतं, शेठने पुसायचीही तसदी घेतली नव्हती. उतरवताना भुकटी गल्लीभर सांडली. वजनकाटेवाला दारात येऊन म्हणाला, "काय रे, यंदा होळी लवकर?" बाकीचे काही म्हणाले नाहीत, ते जास्त लागलं. संध्याकाळी घाटकोपरला घरी पोचलो तर बायकोने दारातच माझे हात बघितले. "अहो, शर्ट बाहेरच काढा. सगळं धुणं राणी करून ठेवाल." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आधी कसे काय बोललात? तुम्ही तर रिक्षावाल्याशीही आधी बोलत नाही." मी त्या दिवशी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो. खरं तर भांडायला गेलो होतो. त्यांनी मला बसवलं आणि न मागता कागद पुढे केला. बावीसशेचा हिशेब त्यांनी शेठ गेल्यानंतरही लावला होता.

चित्रात दाणा भिंतीवर आपटला, थोडा चेपला आणि परत फिरला. गोल, अख्खा.

"बघा," मी म्हणालो. माझा आवाज खोलीबाहेर गेला असणार. "अख्खा आहे. मी काय सांगत होतो? माझ्याकडे फुटतच नाही."

"वर्तुळं बघू नका. रेघा बघा."

मी वाकून बघितलं. बाहेरच्या कडेला रेघा होत्या. आत, आपटलेल्या जागेपासून मध्यापर्यंत, वर्तुळं शेजारी शेजारी बसलेली होती आणि त्यांच्यामध्ये रेघा नव्हत्या. एकही नाही. दाणा आकाराने दाणा होता, आतून सुटलेला होता. सणाचा लाडू डब्यात गोल दिसतो आणि उचलला की हातात ढासळतो, तसा. असे दाणे मी पोती भरभरून शेठला दिले होते. मी आणि तो, दोघांनी चाळून बघितले होते, आणि चाळणीवर ते राहिले म्हणून खूश झालो होतो.

"बोटात दाबून पण बघितले होते," मी म्हणालो.

"हळूहळू दाबलं तर एखादा टिकतो. पाईपाच्या बेंडला दुसरा फटका बसला की नाही टिकत."

"मग दोष कुणाचा?"

"सुरुवात तुमच्या भांड्यात. शेवट त्यांच्या पाईपात. किती कुणाचा ते सांगायला मला त्यांच्या हवेचा आकडा हवा. तो मिळाला तर पुढचं चित्र काढीन."

मी शेठला तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी तो जेवायला गेलेला होता.

मशीन मी दाराशी ठेवलं नाही. गाळ्यातला एक लेथ भिंतीला सरकवून ते आत घेतलं. बाईंना विचारून भांड्याला आतून रबर लावलं, पुली बदलली आणि रोटर अठराशेवर आणला. बाईंनी त्याचं चित्र काढून दिलं. त्यात आतल्या जवळजवळ सगळ्या रेघा शाबूत होत्या. मी कॅटलॉग नवा छापला आणि त्यात खरा आकडा घातला, अठराशे. पहिल्यांदाच.

मग गोरेगावचं एक गिऱ्हाईक आलं. जंतुनाशकाचे दाणे बनवणारा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच खालून वर आलेला. कॅटलॉग वाचून म्हणाला, "अठराशे. म्हणजे खरे तेरा-चौदाशे. इतकं संथ मशीन घेऊन मी काय करू?"

"अठराशे म्हणजे अठराशेच आहेत."

तो हसला. "सगळे असंच म्हणतात, भाऊ."

मी मशीन चालू केलं. त्याच्याच पिशवीतले गोळे आत टाकले. खाली दाणे पडले, सारखे, गोल. मी ओंजळ भरून त्याच्या नाकासमोर धरली. त्याने एकही उचलला नाही.

"ट्रायलला सगळ्यांचेच अख्खे निघतात," तो म्हणाला.

एरवी मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकवलं असतं. त्या दिवशी ओंजळ तशीच धरून उभा राहिलो. तो बरोबर बोलत होता, आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे फक्त माझ्या भांड्याचं चित्र होतं. तोच दाणा पुढे पाईपात टिकतो हे दाखवणारं नव्हतं. ते कधी निघालंच नाही. त्यासाठी लागणारा आकडा मुलुंडला एका माणसाच्या तोंडात होता, आणि तो ते उघडणार नव्हता.